तण मेल्यावर मातीत काय उरतं?

महाराष्ट्रात मातीवर जीव असलेल्या शेतकऱ्यांमध्येच आज एक खोल मतभेद आहे. एक बाजू म्हणते, नांगर थांबवा, तण जागच्या जागी मारा, त्याची मुळं जमिनीत कुजू द्या, माती आपोआप जिवंत होईल. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विनानांगरणीच्या शेतीबद्दल वर्षानुवर्षं हेच मांडत आले आहेत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची ‘सगुणा’ पद्धतही याच पायावर उभी आहे आणि कोकणातल्या भातापासून मराठवाड्यातल्या कापूस-सोयाबीनपर्यंत पोचली आहे. या वाटेवर तण मारायला बहुतेक वेळा तणनाशकच वापरलं जातं. दुसरी बाजू विचारते, ज्या जिवाणूंसाठी नांगर सोडला, त्यांच्याच अंगावर विष कसं ओतायचं?

दोन्ही बाजूंना माती वाचवायची आहे, म्हणून हा वाद ऐकण्यासारखा आहे. इथे तो आत्या आणि भाची यांच्या तोंडी घातला आहे. आत्या मराठवाड्यातल्या काळ्या रानात विनानांगरणीची शेती करते. भाची मातीतल्या सूक्ष्मजीवांचं शास्त्र शिकली आहे. माणसं कल्पित आहेत, प्रश्न मात्र गावोगावचे आहेत.

आत्या : तू तणनाशकाला विष म्हणतेस, ते खरंच आहे. पण आधी मला एवढं सांग. जुलैत आठ-आठ दिवस झड लागते. रानात वाफसा नाही, कोळपं चालत नाही, आणि केना नि लव्हाळा सोयाबीनच्या वर डोकं काढतो. पहिले तीस-चाळीस दिवस तणानं खाल्ले, की मग कितीही निंदा, गेलेला उतारा परत येत नाही. निंदायला बाया मिळत नाहीत. मिळाल्या, तर दिवसभर वाकून त्यांच्या कमरा कामातून जातात. ‘हातानं निंदा’ असा सल्ला देणारे बहुतेक पुरुष असतात, आणि निंदणाऱ्या बहुतेक बाया असतात.

भाची : हे मला मान्य आहे, आत्या. निंदणीचे कष्ट मोजल्याशिवाय तणनाशकावर बोलायचा कुणालाच अधिकार नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तण मेलं, बाईची कंबर वाचली. पण जे फवारलं त्याचं मातीत पुढं काय झालं? ते किती दिवस राहिलं, आणि राहिलं तेवढ्या दिवसांत कुणाला त्रास झाला?

आत्या : त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. नांगर सोडल्यापासून माझं रान बदललंय. पूर्वी पाऊस पडला की वरची माती वाहून जायची, आता पाणी जागेवर मुरतं. गादीवाफे एकदा केले, ते मोडत नाही. कापसाची पऱ्हाटी कापते, पण खोडकं नि मुळं जमिनीतच ठेवते. फावडं मारलं की गांडुळं दिसतात. विष एवढं वाईट असतं तर हे झालं असतं का?

भाची : झालं ते मुळांमुळं आणि नांगर थांबल्यामुळं झालं. नांगरटीनं माती उलटीपालटी होते, आतला कर्ब हवेला लागतो आणि झपाट्यानं जळून जातो. मायकोरायझा नावाची बुरशी मुळांना चिकटून राहते आणि लांबून स्फुरद आणून देते. तिचे धागे प्रत्येक नांगरटीत तुटतात. नांगर सोडण्याचा फायदा खरा आहे, त्याला विरोध करणार नाही. पण त्या फायद्याचं श्रेय तणनाशकाला देऊ नकोस. चांगलं होतंय ते कशामुळं, हे वेगळं काढून पाहिलं पाहिजे.

आत्या : बरं, वेगळं काढू. मी हिशेब करून बघितलाय. ग्लायफोसेट हे तणनाशक हेक्टरी साधारण १ किलो मूळ औषध पडतं. हेक्टरभर रानातली वरची १५ सेंटिमीटर माती भरते जवळजवळ २० लाख किलो. म्हणजे किलोभर मातीला अर्धा मिलिग्रॅम. एवढ्यानं कोणता जिवाणू मरणार?

भाची : हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट धरलेली आहे. औषध १५ सेंटिमीटरपर्यंत सारखं मिसळलं, असं तू धरलंस. ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटतं, खाली फारसं उतरत नाही. आणि तू तर नांगरतच नाहीस, मग मिसळणार कोण? जमिनीपर्यंत पोचलेलं औषध वरच्या अडीच सेंटिमीटरात राहिलं, तर प्रमाण सहापट होतं, किलोला तीन मिलिग्रॅम. पाचोळा तिथंच पडतो, बुरशीही तिथंच जास्त असते. मातीत सगळ्यात गजबजलेला थर हाच आहे.

आत्या : गजबजलेला आहे म्हणूनच औषध तिथं संपतं ना! जिवाणूच ते खातात, हे तुमच्याच पुस्तकात आहे.

भाची : आहे, आणि ते फार जुनं आहे. १९४९ साली लंडनमध्ये ऑडस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं २,४-डी हे तणनाशक मातीतून पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. सुरुवातीला बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग एकदम ते नाहीसं होऊ लागलं. त्याच मातीला दुसऱ्यांदा दिलं, तेव्हा ते थांबलंच नाही, लगेच संपलं. जिवाणूंना ते खायची सवय लागली होती. ॲट्राझिनचंही तसंच. १९९५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी, ॲट्राझिन सांडून मुरलेल्या मातीतला स्यूडोमोनास जिवाणूचा एक वाण जगासमोर ठेवला. तो ॲट्राझिनमधला नत्र काढून त्यावर जगतो. ग्लायफोसेटही मुख्यतः जिवाणूच मोडतात.

आत्या : मग वाद कशाचा राहिला?

भाची : खायला बसणाऱ्याला भूक पाहिजे, ओल पाहिजे, ऊब पाहिजे. जिवाणू ओल्या, कोमट, कर्ब असलेल्या मातीत काम करतात. कोरड्या मातीत ते निजून राहतात. आपल्याकडं ऑक्टोबरात पाऊस सरला की माती भेगाळायला लागते. त्यात मराठवाड्यातल्या किती रानांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत आलाय, हे तुला माहीत आहे. औषध किती दिवस टिकणार हे बाटलीवर ठरत नाही, मातीवर ठरतं. अर्धं औषध संपायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. २,४-डीचं अर्धायुष्य साधारण दहा दिवसांचं. ग्लायफोसेटचं काही ठिकाणी थोड्याच दिवसांचं, तर काही ठिकाणी कित्येक महिन्यांचं. फिनलंडसारख्या थंड देशात फवारलेलं ग्लायफोसेट हिवाळा ओलांडून पुढच्या वर्षीच्या मातीत सापडलेलं आहे. औषध तेच, माती नि हवामान वेगळं.

आत्या : आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? आपली माती गरम आहे. इथं ते लवकरच संपत असणार.

भाची : पावसाळ्यात फवारलंस तर लवकर संपेल, ते मी मानते. उन्हाळी मशागतीऐवजी कोरड्या रानात फवारलंस, किंवा फवारल्यावर पावसानं महिनाभर दडी मारली, तर तोच भरवसा राहत नाही. गरमी आहे पण ओल नाही, अशा मातीत जिवाणूंचं काम अडून राहतं. दुष्काळाच्या वर्षी औषध जास्त टिकतं, आणि पीकही त्याच वर्षी सगळ्यात अशक्त असतं.

आत्या : समजा टिकलं. पण तूच म्हणालीस की ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटतं. चिकटलेलं विष कुणाला बाधणार? ते असून नसल्यासारखंच की.

भाची : बऱ्याच अंशी खरं आहे. पॅराक्वाट हे त्याचं टोकाचं उदाहरण. ते चिकणमातीच्या पापुद्र्यांमध्ये असं अडकतं की पिकाला लागत नाही. पण त्यामुळंच जिवाणूंच्याही हाती लागत नाही आणि वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. चिकटण्याच्या अशा दोन बाजू आहेत. बाधा कमी होते, पण मुक्काम वाढतो. ग्लायफोसेट मातीतल्या ज्या जागा धरतं, त्याच जागा स्फुरदालाही हव्या असतात. वरून स्फुरदाचं खत टाकलं की काही ग्लायफोसेट सुटं होऊ शकतं. आणि मोडल्यावर त्याचं जे ॲम्पा नावाचं संयुग होतं, ते मूळ औषधापेक्षा जास्त टिकतं. युरोपातल्या ११ देशांमधल्या ३१७ शेतांची वरची माती तपासली, तेव्हा ४५ टक्के नमुन्यांत ग्लायफोसेट किंवा ॲम्पा सापडलं. जास्त करून ॲम्पाच होतं.

आत्या : सापडलं म्हणजे बाधलं असं नाही. हल्लीची यंत्रं कणाचा कणही शोधून काढतात.

भाची : बरोबर. सापडणं आणि बाधणं या दोन गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ मी करणार नाही. पण जर्मनीचं एक उदाहरण ऐक. तिथं १९९१ साली ॲट्राझिनवर बंदी आली. युलिश इथल्या संशोधन केंद्रात माग काढता यावा म्हणून खूण केलेलं ॲट्राझिन एका मातीत टाकलेलं होतं. २२ वर्षांनी तीच माती तपासली, तर ॲट्राझिन आणि त्याचे तुकडे अजून तिथं होते. मातीच्या आत बांधलेला भाग असा राहून जातो. पुस्तकातलं अर्धायुष्य महिन्या-दोन महिन्यांचं असलं, तरी शेवटचा थोडा भाग त्या हिशेबानं संपत नाही. आपल्याकडं उसात आणि मक्यात ॲट्राझिन अजून सर्रास मारतात. ऊस तर एकाच रानात लागण, खोडवा, निडवा असा वर्षानुवर्षं उभा असतो.

आत्या : आता मुद्द्यावर ये. जिवाणू मरतात की नाही?

भाची : सरळ उत्तर देते, मग ते कुणाला आवडो न आवडो. शिफारशीच्या मात्रेत ग्लायफोसेट फवारलं, तर मातीतल्या जिवाणूंचं एकूण वजन आणि त्यांचा श्वास यांत बहुतेक प्रयोगांना मोठा फरक दिसलेला नाही. कधी थोडा खाली जातो, काही आठवड्यांत सावरतो. कधी तर वाढतो, कारण मेलेलं तण आणि औषध दोन्ही खायला मिळतं. मात्रा अनेक पटींनी वाढवली की मात्र फरक ठळक होतो. ‘एका फवाऱ्यात माती मेली’ असं जे सांगतात, त्यांना या प्रयोगांचा आधार नाही.

आत्या : हेच मी म्हणत होते!

भाची : थांब, निम्मंच झालंय. गावाची लोकसंख्या तीच राहिली म्हणजे माणसं तीच राहिली, असं होत नाही; जिवाणूंचंही तसंच. ग्लायफोसेट झाडाला मारतं ते शिकिमेट मार्ग नावाची एक वाट अडवून. या वाटेनं झाड स्वतःसाठी काही अमिनो आम्लं बनवतं. माणसात नि जनावरात ही वाट नाही, पण बुरशीत आणि बहुतेक जिवाणूंत आहे. जिवाणूंपैकी काहींचं या वाटेवरचं एन्झाइम ग्लायफोसेटला बळी पडतं, काहींचं पडत नाही. अमेरिकेत ग्लायफोसेट बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणूचा असाच, बळी न पडणारा, एक वाण सापडला. त्याचंच जनुक घालून १९९६ साली तणनाशक सोसणारं सोयाबीन अमेरिकेच्या बाजारात आलं. म्हणजे एका जिवाणूला मारणारं औषध दुसऱ्याला काहीच करत नाही. दरवर्षी तेच औषध पडलं, तर सोसणारे वाढतात आणि न सोसणारे मागं पडतात. एकूण वजन मोजलं तर काही बदललेलं दिसत नाही.

आत्या : मग बदलले तर बदलले. काम झाल्याशी मतलब.

भाची : कुजवण्याचं काम शेकडो जातींना येतं. एक गेली तर दुसरी करते. पण काही कामं मोजक्याच जातींकडं आहेत. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू थोडेच आहेत. ते मंदावले तर युरिया टाकून पिकाला मिळणाऱ्या नत्राचं गणित बदलतं. सोयाबीनच्या गाठीत हवेतला नत्र बांधणारं ब्रॅडीरायझोबियम तर ग्लायफोसेटला संवेदनशील म्हणूनच ओळखलं जातं. तू पेरणीच्या वेळी बियाण्याला रायझोबियमचं पाकीट चोळतेस, आणि त्याच रानात पेरणीच्या तोंडावर ग्लायफोसेट मारतेस. त्या दोन्हींत किती दिवसांचं अंतर असतं?

आत्या : पाऊस पडला की पेरणीची घाई असते. चार-पाच दिवस असेल.

भाची : ते अंतर वाढवता येईल का, एवढाच माझा आग्रह आहे. आणि औषध मंजूर करताना काय पाहतात, तेही सांगते. जगभर चालणारी एक ठरलेली चाचणी आहे. औषध घातलेल्या आणि न घातलेल्या मातीत नायट्रेट बनण्याचा वेग मोजतात. २८व्या दिवशी फरक २५ टक्क्यांच्या आत असला, तर दीर्घकाळ परिणाम नाही असं मानतात. नसला तर १०० दिवसांपर्यंत बघतात. चाचणी उपयोगाची आहे. पण ती एका औषधाची, ओलावा राखलेल्या मातीत, प्रयोगशाळेत होते. आपल्या रानात एका हंगामात उगवणीपूर्वीचं एक, उगवणीनंतरचं दुसरं, वर कीटकनाशक नि बुरशीनाशक पडतं, आणि मध्येच पावसाचा खंड. तसल्या मातीबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही.

आत्या : उगवणीनंतरच्या औषधाचं बोललीस म्हणून सांगते. गेल्या साली सोयाबीन काढून ज्वारी पेरली. शेताच्या कडेला, जिथं पंप वळवतात तिथं, ज्वारी पट्ट्यानं पिवळी पडली नि खुंटली. मधल्या रानात बरी होती. दुकानदार म्हणाला, जस्त कमी पडलंय.

भाची : सोयाबीनला काय मारलं होतंस?

आत्या : इमाझेथापायर. सगळेच मारतात.

भाची : मग आधी शंका त्याच्यावर घ्यायला हवी होती. इमाझेथापायरचं अर्धायुष्य साधारण ६० ते ९० दिवस धरतात. सोयाबीनला ते पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या आसपास मारतात. शंभर दिवसांचं सोयाबीन, लगेच रब्बीची पेरणी. म्हणजे फवारणी ते ज्वारी यांत तीनएक महिने. पुस्तकी हिशेबानं मातीत तिसरा हिस्सा ते निम्मं औषध उरलेलं असू शकतं. पंप वळवताना मात्रा दुप्पट पडते, म्हणून कडेला पट्टा दिसला असेल. हरभरा नि गहू हे बऱ्यापैकी सोसतात. ज्वारी, मोहरी, बीट सोसत नाहीत. अमेरिकेत या औषधाच्या लेबलवर शुगरबीट लावण्याआधी ४० महिने थांबायला सांगतात.

आत्या : चाळीस महिने? आमच्या इथं तर हे कुणी बोलतसुद्धा नाही.

भाची : म्हणून तर हा वाद बाटली मारायची की नाही, एवढ्यावर संपवायचा नाही. काळ्या मातीची आणखी एक गोष्ट. क्लोरिम्युरॉनसारखी सल्फोनिल-युरिया गटातली औषधं आम्लधर्मी मातीत पाण्यानंच तुटतात. आपली काळी माती चुनखडीची, तिचा सामू साडेसात-आठच्या पुढं. तिथं ती वाट मंदावते आणि औषध जास्त टिकतं. ही औषधं एकरी थोड्याच ग्रॅममध्ये मारायची असतात, म्हणून थोडं उरलं तरी पुढच्या पिकाला भोवतं. कोकणातल्या लाल मातीचा अनुभव मराठवाड्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

आत्या : दरवर्षी मारलं तर साठत जातं का?

भाची : अर्धायुष्य महिन्याभराचं असेल, तर वर्षात ते बारा वेळा निम्मं होतं, जवळजवळ काही उरत नाही. अर्धायुष्य वर्षाचं असेल, तर गेल्या वर्षीचं निम्मं, त्याच्या आदल्या वर्षीचं पाव, असं करत करत अखेरीस एका पूर्ण मात्रेएवढं मातीत कायम राहतं आणि त्यावर नवी मात्रा पडते. जुनं कर्ज निम्मंच फिटलेलं असताना दरसाल तेवढंच नवं काढावं, तसं. म्हणून कोणतं औषध, कोणत्या मातीत, कोणत्या पावसाच्या वर्षी, हे बघावंच लागतं.

आत्या : मग मी काय करू? पुन्हा नांगर धरू?

भाची : नको. तुझं रान बिघडवायला मी आलेली नाही. पण तणनाशकाविना नांगर सोडता येतो का, याचा प्रयत्न तू पूर्ण केलेला नाहीस. ताग-धैंचा दाट पेरून फुलावर येण्याआधी आडवा करणं, पाचोळ्याचं आच्छादन, गादीवाफ्याच्या बगला ब्रश-कटरनं छाटणं, हे सगळं आहे. मूळ जमिनीत ठेवायचं असेल, तर तण कापूनही मूळ तिथंच राहतं.

आत्या : कापलेली हरळी नि लव्हाळा पंधरा दिवसांत दुप्पट होऊन येतो. ते तुला कागदावर सोपं वाटतं. आच्छादनाला पाचोळा आणायचा कुठून? सोयाबीनचं भूस जनावरं खातात. मी एक कबूल करते. हरळी-लव्हाळ्याचे पट्टे सोडले, तर सगळ्या रानावर मारायची गरज दरवर्षी नसते. सवयीनं मारलं जातं. पण ग्लायफोसेट मी पूर्ण सोडणार नाही.

भाची : कायद्याचंही बघायला हवं. देशात ग्लायफोसेटची नोंदणी चहाचे मळे आणि पिकाखाली नसलेली जमीन यांच्यासाठी आहे. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली, की ते परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच फवारलं जावं.

आत्या : आणि तरी ते मिळतं, मारलं जातं, नि कुणी शिकवतही नाही. बंदी घालणाऱ्यांनी निंदणीचं काय करायचं ते सांगितलं नाही. म्हणून तर जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं, तणनाशक सोसणाऱ्या कापसाच्या बियाण्यावरची बंदी झुगारून, तो कापूस सगळ्यांसमोर लावला. शेतकऱ्याची निकड खरी आहे, पोरी.

भाची : निकड खरी आहे, आणि त्या बियाण्याची मला भीतीही आहे. आज तू पेरणीआधी एकदा मारतेस. उभ्या पिकात मारता आलं, तर दोनदा-तीनदा मारलं जाईल. कापसाची मुळं जिवंत असताना, मुळांभोवतीचे जिवाणू सगळ्यात जास्त असताना. मातीला एका फवाऱ्यातून सावरायला जो वेळ मिळतो, तोच आपण काढून घेऊ. केना तर ग्लायफोसेटला आताच नीट दाद देत नाही. उरलेलं तण त्याच वाटेनं जाईल, आणि मग मात्रा वाढेल.

आत्या : त्यावर मी तुझ्याशी भांडणार नाही. पण माझ्या रानात नेमकं काय उरलंय, ते मला कळणार कसं? दोन वर्षांपूर्वी मृद आरोग्य पत्रिका मिळाली, तीत यातलं काहीच नाही.

भाची : नाहीच. २०१५ साली ही योजना सुरू झाली. पत्रिकेत १२ गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. तणनाशकाचा अवशेष नाही, जिवाणूंची हालचाल नाही. नाव आरोग्याचं आहे, पण मातीतला जीवच मोजलेला नाही.

इथे दोघींचा वाद मिटत नाही, आणि तो मिटवायचा अट्टहासही नको. आत्या हंगामात एकदा, लागेल तिथेच ग्लायफोसेट मारणार आहे. भाची तेही सोडावं या मताची आहे. माझं मत स्पष्ट आहे. तणनाशकाने माती एका फवाऱ्यात मरते, हे खरं नाही. ते मातीत आपोआप नाहीसं होतं, हेही खरं नाही. ते नाहीसं करतात मातीतले जीव. त्यांना ओल, कर्ब आणि दोन फवाऱ्यांमध्ये पुरेसा काळ मिळाला, तरच त्यांना ते जमतं. म्हणून कमी कर्बाच्या, कोरडवाहू, सामू जास्त असलेल्या रानात तणनाशक जास्त जपून वापरलं पाहिजे. आपण नेमक्या त्याच रानांत ते सर्वात बेफिकिरीने वापरतो आहोत.

शेतकऱ्याला आपल्या बांधावर तीन गोष्टी करता येतात. पहिली, दरवर्षी रानातला एक पट्टा तणनाशकाविना ठेवायचा, कारण तुलनेला काही असेल तरच फरक दिसतो. दुसरी, रब्बी पेरण्याआधी फवारलेल्या रानातली आणि या पट्ट्यातली वरची माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरायची. दोन्हींत पुढचं पीक आणि थोडी मोहरी पेरून दोन-तीन आठवडे सारखं पाणी द्यायचं. एका कुंडीतली रोपं पिवळी पडली किंवा खुंटली, तर पीक बदलायचं. मातीला चिकटून बसलेलं ग्लायफोसेट या चाचणीत दिसत नाही. पण इमाझेथापायर, ॲट्राझिन, सल्फोनिल-युरिया यांचा धोका पेरणीआधी कळू शकतो. तिसरी, सोयाबीन ४०-४५ दिवसांचं झालं की दोन्हीकडची काही झाडं मुळासकट उपटून गाठी मोजायच्या आणि फोडून बघायच्या. आतून गुलाबी गाठ काम करते, पांढरी किंवा हिरवट करत नाही. फवारणीची तारीख, औषधाचं नाव आणि मात्रा वहीत लिहून ठेवायची.

कृषी विभागाकडे मागणी दोन गोष्टींची हवी. तणनाशकाच्या प्रत्येक शिफारशीसोबत ‘यानंतर कोणतं पीक किती दिवस घेऊ नये’ हे मराठीत, ठळक अक्षरांत सांगितलं जावं. आणि मृद आरोग्य पत्रिकेत अवशेष आणि जिवाणूंची क्रियाशीलता यांची निदान एकेक नोंद यावी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांनी आपापल्या भागातल्या मातीत कोणतं औषध किती टिकतं, हे शेतकऱ्याला समजेल अशा तक्त्यात गावोगाव पोचवावं. आणि हे सगळं करताना निंदणाऱ्या बाईच्या श्रमांची सोय आधी व्हावी : योग्य मजुरी, वाकायला न लावणारी अवजारं आणि भाड्याने मिळणारी तण छाटणारी यंत्रं. ते झाल्याशिवाय कोणतीही बंदी रानापर्यंत पोचणार नाही. आणि मातीत काय उरतं हे मोजल्याशिवाय कोणतीही फवारणी सुरक्षित म्हणता येणार नाही.